फिरत्या प्रार्थनेची गाडी

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. कोल्हापुरात आमचं एकच घर, त्यामुळे 'तुम्ही नक्की कोण?' या प्रश्नाला उत्तर देण्यातच माझं निम्मं बालपण गेलं. शुक्रवारी आई दिवे लावायची, त्याआधी बाबा फडताळावरच्या पत्र्याच्या पेटीत काही ना काही टाकायचे. ते मुंबईच्या एका गाडीसाठी असायचं. जिथं जिथं आमच्यासारखी एकटीदुकटी घरं, तिथं ती गाडी तोरा हा आमचा धर्मग्रंथ, प्रार्थनेची पुस्तकं आणि माणसं घेऊन जायची आणि चालायची निव्वळ लोकांच्या दानावर. ती आपल्याकडे बोलवू या म्हटलं की बाबा उसळायचे. शाळामास्तर, त्यात मानी. "आपण देणाऱ्यांतले. घेणाऱ्यांतले नाही."

पण आजी गेल्यापासून त्यांना एक गोष्ट आतून खात होती. गेलेल्या माणसासाठी म्हणायची कद्दिश ही प्रार्थना दहा यहुदी पुरुष जमल्याशिवाय होत नाही, आणि इथं ते एकटेच. आपल्या आईसाठी त्यांना ती एकदाही म्हणता आली नव्हती. शेवटी आईनं त्यांच्या नकळत मुंबईला फोन केला. मी तेव्हा कॉलेजात होते. आजीच्या वर्षदिनाला, शुक्रवारी, गाडी कोकणातून आंबा घाट चढून येणार असं ठरलं. कळल्यावर बाबा रागावले खरे, पण सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून बसले.

दुपारी फोन आला. गाडी मलकापुरात बंद पडली होती. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस लागतो, मग प्रवास बंद. "जाऊ दे," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला ते बघवेना. दिवस मावळायच्या आत आपणच मलकापूर गाठू म्हणून मी शेजारच्या जैन काकांकडे धावले.

"दिस मावळायच्या आत व्हय? ते मला नगं शिकवू," जीपची किल्ली शोधत काका म्हणाले. "आमचं जेवाण बी त्येच्या आतच असतंय की! चला मास्तर, उठा!"

त्या गडबडीत त्यांचं स्वतःचं जेवण राहिलं, आणि दिवस मावळल्यावर ते काही खात नसत. त्याचा त्यांनी चकार शब्द काढला नाही. उलट वाटेत दहाची अट कळल्यावर म्हणाले, "एखादा कमी पडला तर मी हाय की!" त्या दिवशी बाबा पहिल्यांदा हसले.

ऊन कलताना आम्ही पोचलो. मंडळी एका भातगिरणीच्या पडवीत उतरली होती. कुणी बँकेतला, कुणी शिंपी, सगळे आपापली कामं टाकून आलेले, गाडी ढकलून हात काळे झालेले. तरी तोरा मात्र स्वच्छ चादरीवर ठेवलेली. अशी माणसं मी तोवर पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, नंतरही फारशी नाही.

बाबा ओशाळून म्हणाले, "माफ करा. आमच्या एका घरासाठी तुम्हाला एवढा त्रास."

त्यांच्यातले म्हातारे गृहस्थ हात पुसत उठले. "कसली माफी? आम्ही मुद्दाम नऊच निघालो, मास्तर. दहावा कोल्हापुरात आहे हे माहीत होतं. लवकर या, तुमच्यावाचून आमचं अडलंय."

बाबांनी खिशातून टोपी काढली, डोळे पुसले आणि त्यांच्यात जाऊन उभे राहिले.