आवाज बंद करून शिकवणारे सर

देशोदेशीच्या प्राध्यापकांना मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरची मराठी बोलायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्याच शेजारच्या टेबलावर बसत असे. आमच्या हिंदी माध्यमाच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आम्ही दोघंच: एक मी आणि दुसरे रोज पांढुर्ण्याहून बसनं येणारे हे सर. इंटरनेटवरचे शिकवण्याचे व्हिडिओ ते वर्गात भिंतीवर दाखवत, पण आवाज साफ बंद करून. भिंतीवर कुणी गोऱ्या बाई हातवारे करत असायच्या आणि सर बाजूला उभे राहून त्यांच्या वतीनं बोलायचे, "बाई म्हणून राहिल्या, झाड मुळातून पाणी ओढते अन् पानातून सोडते. मंग दुपारी वावरात कपाशीची पऱ्हाटी मान टाकते, ते काहून?" सरांचं संपलं आणि बाईंचं चालूच राहिलं, तर ते गंभीर चेहऱ्यानं सांगत, "आता बाई घरचं सांगून राहिल्या. ते परीक्षेले नाही येत." नेट अडकून नुसतं चक्र फिरू लागलं, की म्हणत, "बाई विचार करून राहिल्या. तुम्हीबी करा."

याचा सराव ते बसमध्ये करत. मोबाइलकडे पाहत डोळे बारीक करून ओठ हलवणारा हा माणूस जप करतोय असं समजून एका म्हातारीनं त्यांना उठून जागा दिली होती आणि विचारलं होतं, "महाराज, जामसांवलीच्या मारुतीले चालले का?" सर म्हणाले, "नाही माय, प्रकाशसंश्लेषणाले चाललो."

मला हे सगळं उथळ वाटे. शिकवणं म्हणजे काय ते जगाला दाखवावं म्हणून मी स्वतःचाच व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकला. विषय परासरण, भाषा शुद्ध हिंदी, अंगात लग्नातला कोट आणि महिना मे. बायकोनं मोबाइल धरला होता. मध्येच तिनं विचारलं, "शिकवून राहिले का बातम्या सांगून राहिले?" तेवढं वाक्य व्हिडिओत आलं आणि सासरेबुवांच्या मते तेच सगळ्यात स्पष्ट ऐकू येत होतं.

मग एका दुपारी व्हरांड्यातून जाताना वर्गातून हसण्याचा गदारोळ ऐकू आला. डोकावलो, तर भिंतीवर मी! कोटासकट. माझं तोंड उघडत-मिटत होतं आणि आवाज पांढुर्ण्याच्या सरांचा होता. "हे सर म्हणून राहिले, सुकी मनुका पाण्यात टाकली त फुगते काहून? पाणी आत घुसते म्हणून. अन् कैरीच्या फोडीले मीठ लावलं त पाणी सुटते काहून?" भिंतीवर मी कपाळ पुसलं. "सरले घाम आला. हे परासरण नव्हे. हा कोट आहे."

मी तरातरा आत गेलो. सर मात्र मनापासून म्हणाले, "या सर, बसा. लय चांगलं शिकवून राहिले तुम्ही." मी तोंड उघडणार, तेवढ्यात बोरगावची एक मुलगी उभी राहिली. माझ्या तासाला काहीच कळत नाही म्हणून ती विषय सोडायला निघाली होती, हे मला माहीत होतं. ती म्हणाली, "सर, तुमचं परासरण आज समजलं. आता नाही सोडत विषय." रागवावं की अभिनंदन स्वीकारावं ते ठरेना. अभिनंदन सोपं होतं, ते स्वीकारलं.

नंतर चहा पिताना मी विचारलं, "माझा आवाज एवढा वाईट आहे का?"

"आवाज चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. "पण लेकरं ज्या भाषेत घरी भांडतात, त्या भाषेत एकदा तरी कानावर पडलं पाहिजे. मंग हिंदीत लिहितातच ते."

या वर्षी सर निवृत्त झाले. त्यानंतरच्या पहिल्याच तासाला मी धीर करून व्हिडिओचा आवाज बंद केला. त्याबरोबर माझाही बंद झाला. बाई हात हलवत राहिल्या, मी खडू हलवत राहिलो. संध्याकाळी पांढुर्ण्याला फोन लावून सगळं सांगितलं.

"लेकरं हसले का?" त्यांनी विचारलं.

"हसले. पण माझ्यावर."

"मंग झालं ना! सुरुवात तिथूनच होते. उद्या आवाज चढवून बोला."

काम संपलं होतं, पण फोन ठेवावासा वाटत नव्हता. त्यांनाही वाटत नसावा. दोघांच्याही मालकीचं एक झाड नाही, तरी यंदा संत्र्याचा बहार कसा आहे यावर आम्ही बराच वेळ बोलत राहिलो.