दारातली बोळवण

हे लिहायला बसलो तेव्हा माझ्यापुढे एक प्रश्न होता. तृतीयपंथी व्यक्ती आपल्या बाजारातल्या एखाद्या दुकानाची पायरी चढते, तेव्हा तिचे स्वागत होते की बोळवण? स्वागत म्हणजे आत घेणे. बोळवण म्हणजे हातावर काही ठेवून वाटेला लावणे. दोन्ही वेळी समोरच्याने हात जोडलेलेच असतात, म्हणून पाहणाऱ्याची गफलत होते. उत्तरासाठी मला दूर जावे लागले नाही. मी अशा एकीला ओळखत होतो.

"घ्याले आल्या ना? मंग बसा." कापडाच्या काउंटरमागून प्रत्येक गिऱ्हाइकाला ती असे म्हणे. मग अस्तराच्या काठाला कात्रीने लहानशी चीर देई आणि दोन्ही हातांनी एका दमात कापड फाडी. फाडलेली कड फळ्यावर पट्टीने आखलेल्या रेघेसारखी सरळ येई.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे सिल्वासात कापडाचे दुकान आहे. निवृत्तीनंतर रोज सकाळी मी तिथे वर्तमानपत्र वाचत बसतो. ती प्रथम आली त्या दिवशी तिचा पाय पायरीवर पडण्याआधीच मालक गल्ल्यावरून उठला, दहाची नोट पुढे केली आणि हात जोडले. "आशीर्वाद द्या, मासीबा." आमच्याकडे गुजराती वळणाने तृतीयपंथीयांना आदराने असेच म्हणतात.

तिने नोट परत गल्ल्यावर ठेवली. "मांगाले नाही आली, भाऊ. घ्याले आली. दोन मीटर अस्तर दाखवा."

मालक गोंधळला. अस्तर दिले, पण पैसे घेईना. ती हटेना. शेवटी पैसे देऊन, पावती घेऊनच ती उतरली. पुढे ती नेहमी येऊ लागली. घरी शिवणकाम करत असे, कापडाची जाण चांगली होती. जवळच्या सायली गावातल्या कारखान्यांत पगार बरा मिळतो म्हणून ऐन लग्नसराईत दुकानातल्या दोघी विक्रेत्या निघून गेल्या, तेव्हा मालकाने तिलाच विचारले. अस्तर आणि ब्लाउजपीसचे काउंटर तिच्याकडे आले.

कामगारांच्या बायका तिच्याकडे वळू लागल्या. धुळ्या-नंदुरबारकडच्या बायकांना आपली बोली ऐकून बरे वाटे. "हे नका घेऊ, वहिनी. पहिल्या धुण्यात सारं लुगडं गुलाबी करीन ते," असे ती सांगे, तेव्हा गल्ल्यावर मालकाला हमखास खोकला येई. पण त्या वहिनी पुढच्या खेपेस जावेला घेऊन येत.

एकदा एक आजी नातवाला घेऊन आल्या. बाळ काउंटरवर ठेवले, शेजारी नोट ठेवली. तिने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, नोट आजींच्या पिशवीत परत टाकली आणि म्हणाली, "आशीर्वाद फुकट आहे, आजी. पैसे अस्तराचे लागतात. किती फाडू?"

आजी हसल्या. त्यांनी एक मीटर घेतले.

ही गोष्ट गावात पसरली. लोक केवळ पाया पडायला येऊ लागले. मालक खूश होता. "सर, दुकानाला बरकत आली," असे मला म्हणाला. तिचा चेहरा मात्र त्या दिवसांत उतरत चालला. "सर, लोक माह्याकडे येतात आन् कापड दुसऱ्या काउंटरवरून घेतात," असे ती एकदा हळूच म्हणाली. तेव्हा मला ते पुरते उमगले नाही. उमगले ते एका लग्नाच्या खरेदीत.

रांधा गावाहून मुलीकडची मंडळी आली होती. नवरीच्या आत्याने तिला वाकून नमस्कार केला, नवरीलाही करायला लावला. काउंटरमागे तिने मोरपंखी ब्लाउजपीसचा ताका उलगडला. आत्या मालकाकडे वळून म्हणाली, "शेठ, दुसऱ्या कोणाला तरी फाडायला सांगा. शुभकार्याचं कापड आहे."

ती तशीच उभी राहिली. कापड मालकाने फाडले.

दुकान रिकामे झाल्यावर तो तिला म्हणाला, "उद्यापासून काउंटरवर नको. सकाळी बोहनीच्या वेळी ये, गल्ल्याला हात लाव आणि जा. पगार तोच."

"तोच?"

"अगदी तोच."

"मंग काम काय माह्यं?"

तो गल्ल्यातल्या नोटा मोजू लागला. तिने ताका गुंडाळून फळीवर ठेवला, कात्री खणात ठेवली, चपला घातल्या. मला म्हणाली, "येते, सर." ती पुन्हा आली नाही.

मी मालकाला विचारले, "तिला कामावरून का काढलेस?"

"काढलं कुठे, सर?" त्याला खरोखरच वाईट वाटले. "उलट मान वाढवला." तो खोटे बोलत नव्हता. वर्गात असतानाही तो कधी खोटे बोलला नाही.

ती वापीला गेली असे कोणी म्हणते, कोणी परत धुळ्याकडे. मला माहीत नाही. अस्तराच्या काउंटरवर आता नवी मुलगी आहे. ती फाडते ते कापड तिरके जाते. गल्ल्याशेजारी, लोखंडी मीटरपट्टीखाली, मालकाने दहाची नोट घडी करून ठेवली आहे. न जाणो, ती आली तर.

ही एका दुकानाची आणि एका माणसाची हकीकत आहे. तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे शिस्तीला धरून नाही. म्हणून विनंती करतो. आपल्या गावातल्या दुकानात थोडा वेळ थांबा. तिच्यासारखे कोणी पायरी चढले, तर आधी 'काय दाखवू?' असा प्रश्न येतो की नोट पुढे येते, हे स्वतः पाहा. माझे उत्तर चुकीचे निघाले तर मला आनंदच होईल.