प्रिंटरला न लागलेलं कुंकू

उमरीला तहसीलच्या रस्त्यावर आक्काच्या सासरचं ऑनलाइन सेंटर आहे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सातबारा काढणं, फॉर्म भरणं, दाखल्यांचे अर्ज, सगळं तीच बघायची. लग्नानंतर पंधरा वर्षांनी त्या घरात तिला स्वतःची म्हणावी अशी एक जागा मिळाली होती, काँप्युटरपुढची खुर्ची. ती मी घालवली.

मी लातूरला कॉलेजात काँप्युटर शिकवतो. कुणी विचारो न विचारो, आपलं शहाणपण समोरच्याच्या गळ्यात बांधायची खोड मला आहेच. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून सेंटरच्या काँप्युटरला सारखा व्हायरस लागायचा. मी म्हणालो, विंडोज काढून लिनक्स टाकू, त्याला असले व्हायरस सहसा लागत नाहीत, कटकट मिटेल. आक्काला ते नको होतं, पण धाकट्या भावाचा शब्द तिला मोडवेना. दुपारपर्यंत लिनक्स बसलं आणि घोडं प्रिंटरपाशी अडलं. लेझर प्रिंटर वायरने राउटरला जोडलेला, पण लिनक्सला तो दिसेचना. शेवटी राउटरने प्रिंटरला दिलेला आकडा, म्हणजे त्याचा पत्ता, मी शोधला आणि हाताने काँप्युटरमध्ये भरला. पान छापून आलं. आक्काने कौतुकाने चहा टाकला.

हा आकडा कायमचा नसतो. यंत्रं बंद करून पुन्हा सुरू केली की राउटर दुसराच देऊ शकतो. तो पक्का करायला आणखी दहा मिनिटं लागली असती. मला हे माहीत होतं, वर्गात मी हेच शिकवतो. पण लातूरला परतायला साडेपाचची नांदेडची बस गाठायची होती, म्हणून तसाच निघालो.

महिनाभर सुरळीत चाललं. मग खंडेनवमी आली. आक्काने सगळी यंत्रं बंद करून पुसली, हळदीकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. दसऱ्यानंतर सेंटर उघडलं तर प्रिंटर छापेना, आणि दारात गिऱ्हाइकं उभी. आक्काने घाबरून मला फोन केला. कुंकू तर आत गेलं नसेल ना, असं विचारत होती.

काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. तरी मी हसून म्हणालो, "गेलं असंल, आक्का. मशीन हाय ती, देव न्हाई."

फोन स्पीकरवर होता, घरातले सगळे ऐकत होते. माझं काम कच्चं ठरू नये, एवढ्याचसाठी मी ते बोललो. खोटं पचावं म्हणून आधी तिला प्रिंटर कोरड्या फडक्याने पुसायला लावला. मग बोलता बोलता नवा आकडा भरून घेतला, आणि या वेळी तो पक्काही केला. प्रिंटर सुरू झाला. पण यंत्राचं काम बाईच्या हाती नको, असं घरात ठरलं आणि आक्काच्या खुर्चीत तिचे दीर बसले.

पुढच्या खंडेनवमीला मी उमरीला गेलो. दीर खुर्चीत बसून कीबोर्ड पुसत होते. आक्का पूजा करत होती. पेपर कटर, स्टेपलर, झेरॉक्स मशीन, दाराचं कुलूप, सगळ्यांना कुंकू लागलं. प्रिंटरवर मात्र प्लॅस्टिकचं कव्हर तसंच होतं. मी विचारलं तर म्हणाली, "त्याला न्हाई लावत मी. एकदा नुकसान करून बसले की."

मला लाज वाटली. तिला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. कुंकवाचा करंडा हातात धरून ती ऐकत राहिली.

"मग वर्षभर मला बोलणी काहून खाऊ दिलीस?"

करंडा खाली ठेवून, दिरांकडे बघत ती म्हणाली, "हे त्यांना सांग."

माझी नजर घड्याळाकडे गेली. आक्काने ती पाहिली. मी बसचा विचार सोडला आणि दिरांसमोर जाऊन चूक माझीच होती, हे पहिल्यापासून सांगितलं. ते मोकळेपणाने हसले.

"होतं असं, पाव्हणं," ते म्हणाले. "जाऊ द्या. आता मलाबी सवय झाली हिथली."

खुर्चीतून काही ते उठले नाहीत. आक्काने प्रिंटरवरचं कव्हर काढलं, त्याला कुंकू लावलं, आणि कोपऱ्यात जाऊन तिच्याकडे राहिलेलं लॅमिनेशनचं मशीन पुसायला घेतलं.