सोप्या भाषेतलं उत्तर

साखरपुडा झाला आणि माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे पाचला बस. वडील लातूरकडून येऊन संत तुकाराम नगरात स्थिरावले, त्यामुळे आमच्या घरात माझ्या नोकरीचं भारी कौतुक. सासर मात्र दिघीतलं, जुनं शेतकरी घर. सून पहाटे कामावर निघालेली तिथं चालणार होती का? नोकरी सोड म्हणाले तर मी लग्न मोडणार होते. आईला हे सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला.

शेवटी होणाऱ्या नवऱ्यालाच मेसेज केला, की लग्नानंतर माझी फर्स्ट शिफ्ट चालेल का?

लगेच निबंध आला. 'आपला प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे. वैवाहिक जीवन आणि करिअर यांचा समतोल साधण्यासाठी परस्पर संवाद आवश्यक असतो.' खाली ठिपके देऊन मुद्दे. बघायच्या कार्यक्रमात ज्या माणसाच्या तोंडून 'व्हय' आणि 'न्हाई'च्या पुढे काही निघालं नव्हतं, तो एकदम प्राचार्य झाला होता! आणि शेवटी, पुसायचं राहून गेलेलं: 'हे उत्तर आणखी सोप्या भाषेत देऊ का?'

माझं टाळकंच सरकलं. अहो, चटणीची रेसिपी विचारली असती तर एआयचं उत्तर गोड मानून घेतलं असतं. इथं माझ्या आयुष्याचा प्रश्न, आणि यांनी तो मशीनकडे ढकलला. मी लिहिलं, 'हो, द्या सोप्या भाषेत.'

बराच वेळ नुसतं टायपिंग, टायपिंग. मग फोनच वाजला. म्हणाले, आपली बोली गावठी, तुम्ही शिकलेल्या, हसाल म्हणून लिहून घेतलं. मी म्हटलं, हसले तर हसले, पण उत्तर तुमचं पाहिजे.

मग म्हणाले, "आमच्या चौकात तुमची बस थांबती, ती जागा परवाच बघून आलो. तिथं लाइट न्हाई, कुत्री बी लय हायत. पाचला सोडायला मी येत जाईन. आईला सांगितलंय."

परवा! आणि मी प्रश्न आज विचारला होता.