अवीचा दोन फुटी समुद्र

फोन आला तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत अवीच्या टाकीत होता. रविवार होता आणि रविवारी पाणी बदलायचं असतं. बारामतीच्या त्याच्या घरात, आतल्या खोलीत, मी नळीनं जुनं पाणी बादलीत काढत होते. फोनवर रेखाचं, त्याच्या बायकोचं नाव दिसलं. ओल्या हातानंच उचलला. पुण्याच्या हॉस्पिटलातून ती एवढंच म्हणाली, "ताई, हे..." मी तिथंच खाली बसले. नळी चालूच राहिली. बादली भरून पाणी फरशीवरून माझ्या साडीखाली आलं, तरी उठावंसं वाटेना. शेवटी टाकीतलं पाणी फार खाली गेलेलं दिसलं आणि मी धडपडत नळी ओढली. भाऊ गेल्याचं कळल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर त्याचे मासे वाचवले.

अविनाश माझा धाकटा भाऊ. एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायचा. आमचं घर इंदापूरचं, मी तिथंच शाळेत शिकवते. लग्नानंतर तो आणि रेखा कोकणात फिरायला गेले होते. ओहोटीच्या वेळी खडकातल्या एका डबक्यात त्याला फुलासारखा एक जीव दिसला, बोट जवळ नेलं की मिटणारा. भरतीचं पाणी गुडघ्याला लागेपर्यंत हा तिथून हलेना, असं रेखा सांगते. परत आल्यावर त्यानं ठरवलं, घरात समुद्र ठेवायचा. दोन फूट लांबीच्या काचेच्या टाकीत!

पहिला समुद्र महिन्याभरात मेला. सगळं एकदम आणलं, एकदम सोडलं, पाणी दुधाळ झालं, घरभर वास सुटला. अवीला जेवण जाईना. मग त्यानं नव्यानं सुरुवात केली, पण नुसते खडक आणि खारं पाणी घालून. कित्येक महिने टाकीत दुसरं काही नाही. आमची आई पळसदेवची, उजनी धरणाच्या काठावरच्या गावातली. ती त्या टाकीसमोर उभी राहून म्हणाली, "आरं, मासं कुठं हायती?"

"येतील आई. आधी पाणी मुरू दे."

"तितं उजनीत मायंदाळ पाणी हाय, मासं हायती... आन् तू हितं दगडं बघत बसलाईस व्हय!"

तो नुसता हसला. पुढं मासे आले, दोनच, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. चार जिवंत शंख आले. खडकाला धरून मऊ प्रवाळं वाढली, हिरवी, जांभळी, दिवा लागला की उमलणारी. यंत्रं म्हणाल तर पाणी फिरवणारी एक मोटर, एक दिवा आणि उन्हाळ्यात पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा. "चिमूटभर खायला घालायचं, रविवारी थोडं पाणी बदलायचं, आणि उगाच हात घालायचा नाही," एवढंच त्याचं शास्त्र. वर्षं गेली. बारामतीच्या उन्हाळ्यात माणसं कोमेजायची, पण ती टाकी कधी कोमेजली नाही. शेजारपाजारचे लोक पाहुण्यांना घेऊन बघायला यायचे.

यंदा संक्रांतीनंतर त्याला ताप यायला लागला. उतरेना. हिरड्यांतून रक्त यायचं. तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. पुण्यात दाखल केलं. रेखा त्याच्यापाशी राहिली. मला शाळेची सुट्टी लागली तशी मी बारामतीला येऊन राहिले, टाकीसाठी. खरं सांगायचं तर माझा जीव पुण्याला होता, पण त्याला भेटायला गेले की तो पहिलं हेच विचारायचा, "ताई, जांभळं उमललं का गं?" मग मला वाटायला लागलं, आपल्या हातात एवढंच आहे. डॉक्टरांचं डॉक्टर बघतील. आपण हे जगवायचं.

मे महिन्यात एका दुपारी जोराचं वादळ झालं. डीपी जळाली, वीज गेली. मोटर थांबली, पंखा थांबला. तासा-दोन तासांनी मासे वर येऊन तोंड उघडमिट करायला लागले. प्रवाळं मिटून काळपट दिसायला लागली. मी घाबरून फोन लावला. रेखानं त्याच्या कानाशी धरला. त्याला तेव्हा ऑक्सिजन लावलेला होता. "अहो, मास्क काढू नका," असं ती म्हणत असलेली मला ऐकू येत होती.

"बादलीतला मग घे," तो म्हणाला. दोन शब्दांत त्याला दम लागत होता. "पाणी काढ... आणि उंचावरून सोड. थांबू नकोस."

"अवी, तू बोलू नको रे."

"थांबू नको ताई..."

मी थांबले नाही. स्टुलावर बसून मगानं पाणी काढत होते, सोडत होते. शेजारच्यांच्या फ्रिजमधल्या बर्फ झालेल्या बाटल्या आणून टाकीत सोडल्या. दंड भरून आले, हात बदलला. आमच्या घरात नवस बोलत नाहीत. बाबांनी ती वाट कधीच बंद केली होती. तरीही त्या संध्याकाळी मी कुणाशी तरी सौदा करत होते... हे जगलं तर तोही जगेल. मोठ्यानं म्हणत होते, एकटीच. जेवणवेळेला वीज आली. एक शंख आणि काठावरचं एक प्रवाळ गेलं. मासे वाचले. मी अवीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एवढंच गेलं? मग जिंकलीस की!" त्या रात्री मी निवांत झोपले. मला खात्री वाटत होती.

तो गेला त्याला आता दीड महिना झाला. टाकी उत्तम आहे. जांभळ्या प्रवाळाला शेजारी नवं पिल्लू फुटलंय. मला ते बघवत नाही. सौदा माझ्याकडून मी पुरा केला होता ना? मग कुणाला विचारू?

रेखा त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. "कुणालातरी देऊन टाका ताई, मला तो मोटरचा आवाज सोसत नाही," म्हणायची. एकदा तिनं खोलीबाहेरच्या बोर्डावरचं बटण बंदच केलं. मी इंदापूरला होते. थोड्या वेळानं तिचा फोन आला, रडत होती. "बंद केली ताई. पण घर इतकं गप्प झालं... इतकं गप्प... मी परत लावली." टाकी द्यायचा विषय तेव्हापासून आम्ही दोघींनी काढलेला नाही. मी दर रविवारी सकाळच्या एसटीनं येते आणि पाणी बदलते.

गेल्या महिन्यात टाकीमागची वायर बघायला वाकले तेव्हा भिंतीवर एक पांढरा पंजा दिसला. ओल्या खाऱ्या हातानं अवी तिथं टेकत असणार. पाणी वाळून मिठाची बोटं उमटलेली, अंगठ्यासकट. पुसायचं फडकं माझ्या हातात होतं, ते मी लांब ठेवून दिलं. रेखाला बोलावलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा आत आली आणि कितीतरी वेळ भिंतीसमोर बसून राहिली.

आता हवेत ओल आहे. ओल्या हवेत मिठाला पाणी सुटतं. करंगळी मागच्या रविवारीच दिसेनाशी झाली. काल पाहिलं तर तळव्याची कडा फुटलीय, एक बारीक ओघळ खाली आलाय. पंखा लावावा तर वाऱ्यानं झडेल, झाकावं तर चिकटून येईल. रेखा मला विचारते, "ताई, काहीतरी करता येईल ना?"