तुळशीच्या भावकीतलं लॅव्हेंडर

पळस्प्याला हायवेच्या कडेला काशीरामची नर्सरी आहे. "काशीरामच्या हातचं झाड मरत नाही," असं पनवेलभर म्हणतात. त्याला गर्व एवढ्या एकाच गोष्टीचा. बाकी गर्व करण्यासारखं काही त्याच्या बायकोने, मैनाने, शिल्लकच ठेवलेलं नाही.

या ख्यातीला लॅव्हेंडर नडलं. कोरड्या मुलखातलं हे सुवासिक रानफूल. मुळाशी पाणी साचलं की मान टाकतं, आणि पनवेलात तर हवासुद्धा पिळून काढावी इतकी ओली. निवृत्त मुख्याध्यापिका विनिताबाई कुंडी न्याहाळत घुटमळल्या, तेव्हा गिऱ्हाईक जाईल या भीतीने काशीराम बोलून गेला, "घ्या बाई, तुळशीच्या भावकीतलं हाय. मेलं तर नाव बदलीन."

भावकी खरीच होती. पण बाईंनी ती मनावर घेतली. रोज आंघोळ करून तांब्याभर पाणी, हळदकुंकू आणि तीन प्रदक्षिणा. गॅलरीत जागा नव्हती, म्हणून स्वतःभोवतीच. आठव्या दिवशी झाड गेलं.

काशीराम बघायला आला. बाई चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात त्याने पिशवीतलं ताजं लॅव्हेंडर कुंडीत बसवलं.

"नुसता हात लावलात आणि कसं टवटवीत झालं!" बाई म्हणाल्या.

झालं, अडकला. मग दर शनिवारी पिशवी, चहा, अदलाबदल.

"सांगून टाका की खरं," मैना म्हणायची. "बाई काय आता छड्या मारनार हाय?"

"इज्जतीचा सवाल हाय."

"कंची इज्जत? पिशवीतली?"

अकराव्या शनिवारी पुण्याहून रोपंच आली नाहीत. आज खरं सांगायचंच, असं ठरवून काशीराम रिकाम्या हाताने जिना चढला. कुंडीत करडी काडी उभी होती.

"बाई, येक सांगायचं हाय..."

"आधी माझं ऐका. मी लेकीकडे नागपूरला चाललेय, तीन महिने. झाड जरा सुकलंय, ते तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाही."

काशीरामच्या जिवात जीव आला. तीन महिने! कोरड्या वाळूत, पत्र्याखाली, पाण्याचा थेंब न दाखवता तो लॅव्हेंडरचं रान उभं करणार होता.

"आणि हो," बाई म्हणाल्या, "रोज सकाळी सातला व्हिडिओ कॉल करीन. तांब्या आणि बाकीचं सगळं माझ्यासमोर करायचं. तुम्ही काय सांगत होतात?"

"काय नाय, बाई."

रविवारी तो स्वतः पुण्याला जाऊन सहा रोपं घेऊन आला. सोमवारी सातच्या ठोक्याला फोन वाजला. मैनाने काठोकाठ भरलेला तांब्या त्याच्या हातात दिला, फोन त्याच्यासमोर धरला, आणि पाणी घालून होताच पदराआड हसू दाबत म्हणाली,

"आता फिरा."