ताकद अठ्ठ्याण्णव, दर्जा बारा

टीव्हीच्या अँटेनाला त्या भागात सगळे काडी म्हणत, आणि तीस वर्षं घरोघरी काड्या उभारणाऱ्या माणसाला काडीमामा. अंगानेही ते काडीच. सदुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा मामांनी शिडी रंगाऱ्याला देऊन टाकली आणि बायकोला सांगितलं, "आता गच्चीवर चढलो तर कपडे वाळत घालायलाच." बायको म्हणाली, "बघू या, कधी चढताय ते."

ही शांतता जेमतेम चार महिने टिकली. मग नवं प्रक्षेपण आलं.

जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण एका सोमवारी बंद होणार, अशी पट्टी स्थानिक वाहिनीवर महिनाभर सरकत होती. नव्या पद्धतीत चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. काडी जुनीच चालेल, टीव्हीला फक्त एक नवा डबा जोडायचा. मामांनी ते वाचलं आणि सोडून दिलं. सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"धाकट्या, माझा टीव्ही गेला."

फोनवर ताई होती, मामांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, तीन गल्ल्या पलीकडे चौथ्या मजल्यावर एकटी राहणारी. तिला मालिका नकोत, सिनेमे नकोत. तिला हवी असायची नगरपालिकेची बैठक. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता ती स्थानिक वाहिनीवर थेट दाखवत, आणि ताई वही-पेन घेऊन समोर बसे. कुणी आकडा चुकीचा सांगितला की तिचा फोन गेलाच म्हणून समजा. पाण्याच्या टाकीच्या आराखड्यात एक शून्य जास्त पडलं होतं, ते तिनेच पकडलं होतं.

"नवा डबा लागेल, ताई."

"आणलाय. जोडलाय. पुस्तिका दोनदा वाचली. चित्र नाही. तू ये."

मामा गेले. डब्याला वाहिन्या शोधायला लावल्या, त्या सापडल्या, चित्र आलं. पाच मिनिटांचं काम. चहा पिऊन ते घरी परतले.

मंगळवारी तीनला बैठक सुरू झाली आणि तीन वाजून दहा मिनिटांनी अध्यक्षांच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. कपाळ एकीकडे, मिशी दुसरीकडे. "हा ठराव मं... मं..." एवढं ऐकू आलं आणि पडदा काळा झाला.

"मंजूर की नामंजूर?" ताई फोनवर ओरडली. "अरे, पूर्वी मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतून माणूस ओळखू तरी यायचा! हे काय? आहे तर लख्ख, नाहीतर अंधार!"

मामांनी रंगाऱ्याकडून स्वतःचीच शिडी उसनी आणली. काडीचं तोंड फिरवलं. गच्चीपासून खोलीपर्यंतची वायर बदलली. शुक्रवारी पुन्हा चौकोन. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, समोरचं झाड वाढलंय. झाडाचा मालक म्हणाला, शिंप्याने पत्रा घातलाय त्यामुळे. दोघांचं जुनं भांडण होतं, ते मामांच्या डोक्यावर नव्याने सुरू झालं. शेवटी मामांना वाटलं, सिग्नल कमी पडतोय. काडीजवळ एक बूस्टर होता, येणारा सिग्नल वाढवणारी मुठीएवढी डबी, मामांनीच वीस वर्षांपूर्वी बसवलेली. ती काढून त्यांनी त्याहून दणकट बूस्टर लावला. त्यानंतर तर बैठक दोन मिनिटंही टिकेना.

डब्याच्या कंपनीला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर एका बाईंचा आवाज आला.

"सर, डबा बंद करून पुन्हा सुरू करा."

"सात वेळा केलाय."

"सिग्नलची ताकद किती दिसते?"

"अठ्ठ्याण्णव."

"मग सिग्नल उत्तम आहे, सर."

"बाई, तुम्हाला तिकडे उत्तम दिसतोय. मला इकडे काळा पडदा दिसतोय!"

"अजून काही मदत करू शकते का?"

मामांनी फोन आपटला. ताई म्हणाली, "फोन माझा आहे."

"मग ठेव तुझा फोन, तुझा टीव्ही आणि तुझे अध्यक्ष! बोलाव दुसऱ्या कुणाला तरी."

"दुसरा कोण उरलाय? सगळे मोबाइल विकायला बसले."

मामा शिडी तिथेच टाकून घरी आले आणि दोन दिवस बहिणीचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी ताई स्वतः चार मजले उतरून, तीन गल्ल्या चालून त्यांच्या दारात उभी राहिली. हातात बैठकीची वही. तिने दोन दिवस दर अर्ध्या तासाने डब्यावरचे आकडे उतरवले होते. एका रांगेत ताकद, दुसऱ्या रांगेत दर्जा, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ येतोय ते.

"हे बघ. ताकद दिवसभर अठ्ठ्याण्णव. दर्जा पहाटे साठ, दुपारी बारा. ताकदीचा प्रश्नच नाही, आणि तू ताकदच वाढवत बसलायस. दुपारी काय होतं, ते सांग."

मामांनी दुपारच्या आकड्यांवर बोट ठेवलं. मग त्यांना ताईच्या शेजारच्या इमारतीवर वर्षभरापूर्वी उभा राहिलेला मोबाइलचा मनोरा आठवला. दुपारी सगळं गाव फोनवर असतं. बूस्टरला टीव्ही कुठला आणि फोन कुठला हे कळत नाही, तो येईल ते सगळंच वाढवतो. एवढ्या गोंगाटात तो स्वतःच गुदमरत होता, आणि त्यातून बाहेर पडत होता तो नुसता गोंधळ.

"तसं असेल तर बूस्टर काढावा लागेल," मामा पुटपुटले.

"मग काढ."

"ताई, या भागात बूस्टरशिवाय कधी चित्र आलेलं नाही."

"ते जुन्या प्रक्षेपणात. मी शाळेत मुलांना सांगायचे, उत्तर जुळत नसेल तर आधी गृहीत काय धरलंय ते तपासा."

मामा धुसफुसत चढले, बूस्टर काढला, वायर सरळ काडीला जोडली. ताकद चौपन्नवर आली. दर्जा एकाहत्तर झाला. मंगळवारची बैठक तीनला सुरू झाली आणि सव्वापाचला संपली, तरी एक चौकोन दिसला नाही. ताईने आभारबिभार मानले नाहीत. ती लिहीत होती.

मामांना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या मनोऱ्याच्या आसपास चाळीसएक घरांवर त्यांनी असेच बूस्टर लावले होते. ती सगळी माणसं तीन आठवडे डब्याला शिव्या घालत असणार. काहींनी दुसरा डबा आणला असेल.

"गप्प बसलात तरी कुणाला कळणार नाही," बायको म्हणाली.

"मला कळलंय ना."

"आणि गुडघे?"

"ते रडतायत. रडू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिडी घेऊन निघाले. पहिलं घर फोटोग्राफरचं. तो उखडलाच. "म्हणजे आम्ही डबा दोनदा बदलला आणि दोष तुमच्या बूस्टरचा?"

"हो, माझ्या."

 त्याने शिडी धरली. एका घरी मामांना दारातच वाटेला लावलं. तीन घरांत बूस्टर काढल्यावर चित्र आणखी बिघडलं, कारण ती उताराच्या पलीकडे, सखल भागात होती आणि तिथे सिग्नल मुळातच कमी यायचा. तिथे तो परत लावावा लागला, आणि शेजाऱ्याचा काढला तर आमचा का ठेवला, हे प्रत्येकाला वेगळं समजवावं लागलं. मामांचा घसा बसला. हे सगळं उरकायला दोन महिने लागले.

शेवटचं घर एका निवृत्त ड्रायव्हरचं. बायको गेल्यापासून त्याने टीव्ही लावलाच नव्हता, त्यामुळे तक्रारही नव्हती. तरी मामांनी बूस्टर काढला, कपाटावर बंद पडून असलेला नवा डबा पुसून जोडला, आणि रिमोट कसा चालवायचा ते सांगितलं. ड्रायव्हरने पुन्हा विचारलं. मामांनी पुन्हा सांगितलं. चौथ्यांदा विचारल्यावर त्यांचा तोल गेला. "अहो, एवढी मोठी गाडी चालवलीत, चार बटणं लक्षात राहत नाहीत?"

ड्रायव्हर हसला. "गाडीत शेजारी कुणीतरी बोलणारं असायचं हो. बसा ना, घाई काय आहे?"

मामांना घाई नव्हती. ते कण्हत खुर्चीत बसले, रिमोट हातात घेतला आणि पुन्हा पहिल्या बटणापासून सांगायला लागले.